फायरस्टोअर आणि पायथन: बिलाच्या शेवटी शेवटीच रिपोर्ट का अडकतो?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब गूगलच्या फायरस्टोअर या क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये ठेवलेला आहे. केंद्रातल्या कॉम्प्युटरवर पायथनची स्क्रिप्ट चालते, ती काट्याचं वजन आणि मशीनवरचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन घटक) उचलते, दर काढते आणि माप लिहून टाकते. ज्या पोरानं हे सगळं उभं केलं तो नोकरीला बाहेर गेला आणि आता ते माझ्या गळ्यात आलंय. पायथन मला बऱ्यापैकी येतं, एसक्यूएल (तक्त्यांच्या डेटाबेसची भाषा) कॉलेजात झालेलं, पण डॉक्युमेंट डेटाबेस हा प्रकार नवा.

रचना अशी: 'संकलन' नावाचं कलेक्शन (नोंदींचा गठ्ठा), त्यात प्रत्येक मापाला एक डॉक्युमेंट (म्हणजे एक नोंद). सभासद क्रमांक, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. 'सभासद' हे वेगळं कलेक्शन, त्यात नाव, बँक खातं वगैरे. सकाळी साधारण ३०० मापं होतात, संध्याकाळी २६०. बिल दर दहा दिवसांनी.

आता दुखणं. बिलाचे पहिले चार-पाच दिवस रिपोर्ट उघडतो. नवव्या दिवसापर्यंत त्याला अडीच-तीन मिनिटं लागायला लागतात, आणि मग कधीतरी पाच मिनिटं नुसतं गोल फिरून ४२९ नंबरचा एरर येतो. मापं घेणं मात्र चालूच असतं. आणि दुपारचे साडेबारा वाजून गेले की काहीही न करता रिपोर्ट पुन्हा सुरू! चेअरमन म्हणतात नेटचा प्रॉब्लेम. मला तसं वाटत नाही. फुकटच्या योजनेवर आहोत, कार्ड जोडलेलं नाही. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोड डकवत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामा कॅन

दुपारी बंद पडला असता तर सर्व्हर पुण्याचा आहे म्हटलं असतं. हा तर दुपारी उघडतो. वाचतोय.

तिसरी पाळी

नेट नाही, कोटा संपतोय. तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू.

फुकटच्या योजनेत दिवसाला ५०,००० डॉक्युमेंट वाचता येतात, २०,००० लिहिता येतात आणि २०,००० पुसता येतात. तिन्ही खाती वेगळी, म्हणून वाचन संपलं तरी मापं लिहिली जातात. मोजणी क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) होत नाही, क्वेरीतून परत आलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटची होते. एका क्वेरीनं पाच हजार डॉक्युमेंट आणली तर पाच हजार वाचनं गेली.

दिवसाला ५६० मापं म्हणजे नवव्या दिवसाअखेर ५,०४०. आता माझा अंदाज: स्क्रिप्ट मापांवर लूप फिरवते आणि प्रत्येक मापाला नाव आणायला 'सभासद'मध्ये पुन्हा एक फेरी मारते. तसं असेल तर आणखी ५,०४०. एका रिपोर्टला दहा हजारांच्या वर वाचनं, पाचव्यांदा उघडताना खेळ खलास. बिलाच्या दुसऱ्या दिवशी हाच रिपोर्ट २,२४० वाचनांत उरकतो, वीस वेळा उघडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. अंदाज वेळेवरून बांधलाय. डेटाबेस मुंबईच्या विभागात असेल तर एका फेरीला तीसेक मिलिसेकंद धरा, पाच हजार फेऱ्या एकापाठोपाठ केल्या की अडीच मिनिटं होतात.

साडेबाराचं कोडं सोपं आहे. कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे मध्यरात्रीच्या सुमारास नवा होतो. तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा असतात, हिवाळ्यात दीड. नोव्हेंबरात रिपोर्ट तासभर उशिरा सुरू व्हायला लागला तर नेटवाल्याच्या मागे लागू नका.

आणि ते पाच मिनिटं गोल फिरणं: पायथनची लायब्ररी ४२९ आल्याबरोबर हात वर करत नाही. थोडं थांबून पुन्हा विचारते, असं क्वेरीसाठी ३०० सेकंद चालतं, मगच एरर वर येतो. क्वेरी चालवणाऱ्या 'स्ट्रीम' फंक्शनला रिट्राय (पुन्हा विचारणं) आणि टाइमआउट (किती थांबायचं) आपले देता येतात. ते आधी कमी करा, म्हणजे निदान काय बिघडलंय ते पाच मिनिटं न थांबता कळेल.

कोरडवाहू

तंतोतंत! आत्ताच बघितलं, लूपच्या आत नावासाठी 'गेट' आहे. आणि रिपोर्ट एकटे सचिव उघडत नाहीत, चेअरमन आणि शीतकरण केंद्रवालेसुद्धा आपापल्या मोबाइलवर बघतात. विभाग मुंबईचाच आहे.

मग नाव मापाच्या डॉक्युमेंटमध्येच लिहून ठेवू का? कॉलेजात तर एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही असं घोकून घेतलं होतं.

मावळतीकर

आधी तात्पुरता उतारा. रिपोर्ट सुरू होताना सगळे सभासद एकदाच वाचून डिक्शनरीत ठेवा. तीनशे वाचनं, संपला विषय. दहा हजारांचे ५,३०० होतील आणि रिपोर्ट काही सेकंदांत येईल. 'गेट ऑल'नं सगळे एका फेरीत आणता येतात, पण त्यात फक्त वेळ वाचतो, मोजणी डॉक्युमेंटमागेच होते.

नाव दोन ठिकाणी ठेवायला इथे हरकत नाही. या डेटाबेसमध्ये जॉइन (दोन कलेक्शन जोडून एकदम वाचणं) नाही, त्यामुळे वाचताना जे लागतं ते लिहितानाच शेजारी ठेवायचं ही इथली रीत आहे. उलट बिलाच्या दिवशी जे नाव होतं तेच बिलावर राहिलेलं बरं. खातं वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर गेलं म्हणून मागच्या वर्षीची बिलं बदलायला नकोत.

पण खरं दुखणं नावाचं नाहीच. पाच हजार मापं वाचायची कशाला, हा प्रश्न आहे. रिपोर्टवर माणूस काय बघतो? सभासद, एकूण लिटर, एकूण रक्कम, कपात. म्हणजे तीनशे ओळी. तीनशे ओळींसाठी तीनशेच डॉक्युमेंट वाचली गेली पाहिजेत.

जयूताई

मी आयुष्यभर ओरॅकल आणि पोस्टग्रेसवर काम केलेली बाई, त्यामुळे माझा पहिला प्रतिसाद 'हे एसक्यूएलमध्ये एका ओळीत होतं' असाच असणार होता. तो गिळला.

मावळतीकरांशी सहमत, फक्त एक आग्रह: मूळ मापं पुसू नका. उद्या एखादा सभासद म्हणाला की मंगळवारी संध्याकाळी माझं फॅट चार लागलं होतं आणि तुम्ही साडेतीन लावलं, तर दाखवायला नोंद हवी. माप ही वही आणि बिल हा तिचा गोषवारा. दोन्ही ठेवा, पण दोन्ही एकाच बॅचमध्ये लिहा. बॅच म्हणजे एक तर सगळं लिहिलं जातं किंवा काहीच नाही.

म्हणजे प्रत्येक मापाला दोन लेखनं:
'संकलन'मध्ये मापाचं डॉक्युमेंट, आणि 'बिल'मध्ये त्या सभासदाच्या त्या दहा दिवसांच्या डॉक्युमेंटवर 'इन्क्रिमेंट' वापरून लिटर आणि रक्कम वाढवणं. आधी वाचून, बेरीज करून, परत लिहायची गरज नाही, वाढवण्याचं काम सर्व्हरच करतो. दिवसाला ५६० चे ११२० होतील. लेखनाचा कोटा २०,००० आहे, तो तसाही पडूनच आहे.

बिलाचं डॉक्युमेंट 'मर्ज' चालू ठेवून 'सेट' करा. 'अपडेट' वापरलंत तर पहिल्या दिवशी, बिल अजून जन्मालाच आलेलं नसताना, 'नॉट फाउंड' येईल. आणि मर्जशिवाय सेट केलंत तर आधीचं सगळं पुसून नवं लिहिलं जाईल, एररसुद्धा न येता.

रिकामा कॅन

तीनशे सभासदांसाठी क्लाउड? एसक्यूलाइटची एक फाइल, रात्री पेनड्राइव्हवर कॉपी, झोपा निवांत. कोटा नाही, पॅसिफिक वेळ नाही.

कोरडवाहू

कॅनराव, आधी तेच होतं. विजेच्या लपंडावात हार्ड डिस्क गेली आणि पेनड्राइव्हवर शेवटची कॉपी कधीची निघाली ते विचारू नका. शिवाय बाकीच्यांना मोबाइलवर बघायचं असतं, ते फाइलनं कसं होणार?

ताई, इन्क्रिमेंटची भीती वाटते. आमच्याकडे नेट मधेच जातं. स्क्रिप्टनं पाठवलं, तिकडे लिहिलं गेलं, पण 'झालं' असा निरोप परत यायच्या आत नेट गेलं, तर स्क्रिप्ट पुन्हा पाठवणार. रक्कम दोनदा वाढली तर?

जयूताई

बरोबर जागी बोट ठेवलंत. उपाय मापाच्या आयडीत आहे. सध्या आयडी फायरस्टोअर आपोआप देतो, म्हणजे तेच माप दुसऱ्यांदा पाठवलं की नवा आयडी, नवं डॉक्युमेंट. त्याऐवजी आयडी तुम्ही बनवा: तारीख, पाळी, सभासद क्रमांक जोडून. आणि माप लिहायला 'सेट' नको, 'क्रिएट' वापरा. आयडी आधीच असेल तर क्रिएट नकार देतं, आणि बॅचमधलं एक लेखन नाकारलं की सगळी बॅच नाकारली जाते. म्हणजे इन्क्रिमेंटही होत नाही. 'आधीच आहे' हा एरर आला की स्क्रिप्टनं तो 'माप पोचलं' असाच समजायचा.

कोरडवाहू

भारी! पण एका सभासदाची एका पाळीला दोन मापं असतात. गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं. आणि कधी कधी घरातलं दुसरं माणूस उरलेला कॅन मागून घेऊन येतं.

जयूताई

मग आयडीत दुधाचा प्रकार आणि त्या पाळीतला अनुक्रमांकही घाला. अनुक्रमांक माप घेतानाच केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ठरला पाहिजे आणि पाठवण्याआधी तिथल्या फाइलीत उतरला पाहिजे. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जायला हवा. पाठवताना नवा काढलात तर एवढं सगळं करून उपयोग शून्य.

तशी एक रांगेची फाइल ठेवाच. मोबाइलवरच्या फायरस्टोअर ॲपला नेट नसताना नोंदी धरून ठेवण्याची सोय असते, पायथनच्या सर्व्हर लायब्ररीला ती नाही. त्या फाइलीसाठी एसक्यूलाइट उत्तम. कॅनरावांचं अर्धं म्हणणं मान्य झालं असं समजा.

रिकामा कॅन

अर्धा कॅन तरी भरला.

हॉटस्पॉट

तारखेनं सुरू होणारे आयडी देऊ नका! फायरस्टोअरमध्ये ओळीनं वाढत जाणारे आयडी हॉटस्पॉट करतात, सगळी लेखनं एकाच ठिकाणी आदळतात. कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय.

तिसरी पाळी

लिहिलंय, आणि खरंही आहे. पण ते सेकंदाला शेकड्यांनी लेखनं करणाऱ्यांसाठी. नव्या कलेक्शनवर सेकंदाला ५०० पासून सुरुवात करा आणि दर पाच मिनिटांनी ५० टक्के वाढवा, असा तिथला सल्ला आहे. इथे काट्यावर एक कॅन चढून उतरेपर्यंत अर्धं मिनिट जातं. तारखेचा आयडी बिनधास्त द्या, कन्सोलमध्ये शोधायलाही सोपा पडतो.

आता एक वेगळा प्रस्ताव. सभासदागणिक बिल ठेवण्याऐवजी पाळीगणिक एकच डॉक्युमेंट ठेवलं तर? एका पाळीची तीनशे मापं एका मॅपमध्ये (पायथनच्या डिक्शनरीसारख्या फील्डमध्ये). एका मापाचे दीडशे बाइट धरले तरी ४५ केबी, डॉक्युमेंटची मर्यादा १ एमबी. दहा दिवसांच्या वीस पाळ्या, म्हणजे संपूर्ण रिपोर्ट वीस वाचनांत! वर बेरीज पायथन करेल.

मावळतीकर

आकडा मोहात पाडणारा आहे, पण तीन गोष्टी बघा.

एक, एकाच डॉक्युमेंटवर सतत लिहायचं तर सेकंदाला एक लेखन हा साधारण धरायचा वेग. एका काट्याला चालेल, उद्या दोन काटे झाले तरी चालेल, पण नेट तासभर जाऊन आल्यावर रांगेतली दोनशे मापं एकदम सुटली की धक्काबुक्की होणार. रांग सोडताना एकत्र करून लिहावं लागेल.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. फायरस्टोअर प्रत्येक फील्डचा इंडेक्स (शोधायची सूची) आपोआप बनवतं, मॅपच्या आतल्या फील्डचासुद्धा, चढता आणि उतरता दोन्ही. तीनशे मापं गुणिले सात-आठ फील्ड गुणिले दोन, म्हणजे एका डॉक्युमेंटमागे साडेचार हजारांच्या आसपास इंडेक्स नोंदी. मर्यादा ४०,००० आहे, त्यामुळे अडणार नाही, पण त्या नोंदी जागा खातात आणि लेखन जड करतात, आणि त्या मॅपमध्ये शोधायचं तर काहीच नाही. असं करणार असाल तर त्या मॅप फील्डला इंडेक्समधून सूट देऊन टाका, कन्सोलमध्ये सोय आहे.

तिसरं, मॅपची की. सभासद क्रमांकच की ठेवलात आणि 'अपडेट'ला टिंब देऊन पाथ लिहिलात तर रडाल. पाथमध्ये साधं नाव म्हणजे रोमन अक्षर किंवा अंडरस्कोरनं सुरू होणारं. आकड्यानं सुरू होणारं किंवा देवनागरी नाव असेल तर ते बॅकटिकमध्ये (` या खुणांमध्ये) घालावं लागतं. नाहीतर मर्जसह सेट करून नेस्टेड डिक्शनरीच द्या.

सभासदाला त्याच्या मोबाइलवर त्याचंच बिल दाखवायचं असेल, तर पाळीचं डॉक्युमेंट निरुपयोगी. एकाचं बघायला तीनशे जणांचं द्यावं लागतं. माझं मत सभासदागणिक बिलालाच.

तिसरी पाळी

शेवटचा मुद्दा पटला. बाकीच्या तिन्हींवर भांडलो असतो.

कोरडवाहू

सभासदागणिक बिलच करतो. तीनशे वाचनं म्हणजे दिवसाला दीडशे वेळा रिपोर्ट उघडला तरी ४५,०००. चेअरमन एवढे हौशी नाहीत.

दरम्यान एक शोध लागला. आता फायरस्टोअरमध्ये मोजणी आणि बेरीज यांची क्वेरी मिळते असं वाचलं. ती का वापरायची नाही?

तिसरी पाळी

जरूर वापरा, पण वेगळ्या कामाला. 'आज एकूण किती लिटर जमा झालं' याला उत्तम, कारण तिथे इंडेक्सच्या हजार नोंदींमागे एकच वाचन धरतात. नऊ दिवसांच्या ५,०४० मापांची बेरीज सहा वाचनांत! पण सभासदनिहाय गट पाडून बेरीज त्यात मिळत नाही. तीनशे सभासदांना तीनशे वेगळ्या क्वेऱ्या, प्रत्येकीला किमान एक वाचन, म्हणजे फिरून तीनशेच, वर तीनशे फेऱ्यांचा वेळ. शिवाय सभासद आणि तारीख अशा दोन फील्डवर गाळायचं तर जोड इंडेक्स लागतो. पहिल्यांदा क्वेरी चालवली की एररमध्येच इंडेक्स बनवायची लिंक येते, ती उघडून मान्य करा. घरी एम्युलेटरवर (आपल्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फायरस्टोअरवर) तपासाल तर हा एरर दिसणारच नाही, कारण एम्युलेटर जोड इंडेक्स नसला तरी क्वेरी चालवून देतो.

जयूताई

रकमेबद्दल कुणीच बोललं नाही. कोरडवाहू, रक्कम कुठल्या प्रकारात ठेवलीय?

कोरडवाहू

फ्लोट. मी पायथनचा डेसिमल देऊन बघितला तर लायब्ररी सरळ नाही म्हणाली.

जयूताई

म्हणणारच. फायरस्टोअरमध्ये आकडे दोनच तऱ्हेचे, ६४ बिटांचा पूर्णांक आणि डबल (म्हणजे पायथनचा फ्लोट). डेसिमल नाही. आणि डबलवर इन्क्रिमेंट करत राहिलात की कुठेतरी पैशाचा फरक पडू शकतो, आणि बिलावर एका पैशाचा फरक दिसला की सभासदाचा एक रुपयावरही विश्वास राहत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. लिटर मिलिलिटरमध्ये. फॅट ३.५ असेल तर ३५. हिशेब डेसिमलमध्ये करा, गोळाबेरीज दर मापाला एकदाच करा, आणि मग पूर्णांक लिहा. दाखवताना भागा.

सभासद क्रमांकही तपासा. एक्सेलमधून आलेले क्रमांक कुठे आकडा असतात, कुठे मजकूर. १२ हा आकडा आणि '१२' हा मजकूर फायरस्टोअरच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्वेरी एकालाच शोधते, दुसरा सभासद गायब.

तिसरी पाळी

ताईंनी पैशाचं काढलं म्हणून मी वेळेचं काढतो. सकाळचं पहिलं माप किती वाजता?

कोरडवाहू

पाचच्या आसपास. का?

तिसरी पाळी

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५ वाजून १० मिनिटांचं माप फायरस्टोअरमधून परत वाचलंत की जागतिक वेळेत येतं: आदल्या दिवशीची रात्र, ११ वाजून ४० मिनिटं. त्याची नुसती तारीख काढलीत तर आदला दिवस. साडेपाचनंतरची मापं बरोबर, आधीची चूक. बिलाच्या पहिल्या दिवशीची पहाटेची मापं मागच्या बिलात जातात.

पोरानं काय केलं असेल त्याच्या दोनच शक्यता. एक तर तो वेळेला झोन लावून पाठवतोय आणि वाचताना विसरतोय. नाहीतर झोन न लावता पाठवतोय. तसं केलं की लायब्ररी ती जागतिक वेळच समजते, आणि वाचताना आकडे योगायोगानं बरोबर दिसतात. दुसरी शक्यता जास्त त्रासाची, कारण कन्सोल तुमच्या ब्राउझरच्या झोनमध्ये दाखवतो आणि तिथे सगळी मापं साडेपाच तास पुढची दिसतात.

कोरडवाहू

दुसरीच! कन्सोलमध्ये पहाटेची मापं साडेदहाची दिसतात. मला वाटत होतं काट्याचं घड्याळ बिघडलंय.

तिसरी पाळी

काट्याला दोष देऊ नका. बिलाचा दिवस वेळेवरून काढूच नका. 'तारीख' हे वर्ष-महिना-दिवस असं मजकुराचं फील्ड आणि 'पाळी' वेगळं फील्ड, केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ठरलेलं. वेळ ही फक्त नोंद, ती 'एशिया/कोलकाता' झोन लावून पाठवा. पायथन ३.९ पासून त्यासाठी झोनइन्फो आतच असतं. विंडोजवर 'टीझेडडेटा' वेगळं टाकावं लागतं.

अनुस्वार

उशिरा आले. नावानं शोधायची सोय करणार आहात का? असाल तर थांबा.

फायरस्टोअरमध्ये 'नावात हे अक्षर कुठेही असेल तर' असा शोध नाही, सुरुवातीपासून जुळवण्याची युक्ती तेवढी जमते. आणि मराठीत तीही दगा देते. 'बऱ्हाटे' हे आडनाव घ्या. कुणी 'ऱ' ही अख्खी खूण वापरून टंकतं, कुणी 'र', हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच, एक अख्खं अक्षर आणि एक 'अ'वर चंद्र दिलेलं. पायथनच्या युनिकोडडेटामधलं एनएफसी (एकाच अक्षराच्या समतुल्य तऱ्हा एकसारख्या करणं) करून यातलं काहीच एक होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीत. स्वतःच बदलून घ्यावं लागतं. नुक्ता देऊन टंकलेला 'ऱ' मात्र एनएफसीनं सरळ होतो.

क्रमही मजकुराच्या बाइटांवर लागतो. त्यामुळे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येऊन बसतो, वर्णमालेप्रमाणे शेवटी नाही. मराठीप्रमाणे क्रम लावून दे असं फायरस्टोअरच्या नेहमीच्या क्वेरीला सांगता येत नाही. मोंगोडीबी या दुसऱ्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये कोलेशनला (क्रमाच्या नियमाला) मराठी निवडता येतं, इथे नाही.

मावळतीकर

तीनशे नावांसाठी डेटाबेसला शोधायला लावूच नका. रिपोर्टसाठी सभासद तसेही मेमरीत आणताय, तिथेच सरळ करून, तिथेच शोधा, क्रमही तिथेच लावा.

अनुस्वार

हो, तीनशेला तेच बरोबर. आणि खरं तर गावात सगळे क्रमांकानंच ओळखतात.

कोरडवाहू

अगदी! 'दोनशे चौदा आला का?' असंच विचारतात.

एक राहिलं. पोरानं कॉम्प्युटरवर एक जेसन फाइल ठेवलीय, सर्व्हिस अकाउंटची किल्ली म्हणे. तीच त्याच्या लॅपटॉपवरही असणार. पोरगा चांगला आहे, तरी काही करायला हवं का? सिक्युरिटी रूल्स कडक आहेत असं तो म्हणाला होता.

तिसरी पाळी

ती किल्ली असेल तर रूल्सचा काही उपयोग नाही. रूल्स मोबाइल आणि वेब ॲपसाठी असतात. सर्व्हर लायब्ररी ते ओलांडून जाते, तिला फक्त सर्व्हिस अकाउंटचे अधिकार अडवतात. म्हणजे ती फाइल ज्याच्याकडे तो बँक खात्यांसकट सगळं वाचू, पुसू शकतो. नवी किल्ली काढा, स्क्रिप्ट तिच्यावर चालते याची खात्री करा, मग जुनी रद्द करा. याच क्रमानं, नाहीतर पहाटे पाचला काट्यापाशी रांग आणि स्क्रिप्ट बंद. आणि फाइल कोडच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, गिटमध्ये तर नाहीच. तिचा पत्ता एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये द्या. अकाउंटला फक्त डेटा वाचण्या-लिहिण्याचा अधिकार ठेवा. अशी स्क्रिप्ट सहसा सगळ्या प्रोजेक्टची मालकी घेऊन बसलेली असते.

कोरडवाहू

मंडळी, नवी रचना चालू बिलापासून सुरू केली. रिपोर्ट दोन-तीन सेकंदांत येतोय. किल्ली बदलली, पोराला फोन करून सांगितलंही, तो म्हणाला बरं झालं.

आता दिवाळीचा दर फरक. वर्षभरात ज्याने जेवढं दूध घातलं त्यावर लिटरमागे काही पैसे वाटायचे असतात. नवी बिलं आत्ताची, मागच्या सहा महिन्यांची मापं जुन्याच पद्धतीत आहेत. त्यांची सभासदनिहाय बेरीज कशी करावी?

जयूताई

'वर्ष' नावाचं तिसरं कलेक्शन, सभासदामागे एक डॉक्युमेंट, आणि मापाच्या त्याच बॅचमध्ये त्यालाही इन्क्रिमेंट. गाय आणि म्हैस वेगवेगळं ठेवा, दर फरक सारखा नसतो. हे एक तारीख ठरवून त्या दिवसापासून सुरू करा. त्या तारखेच्या आधीची मापं वाचून बेरीज पायथनच्या डिक्शनरीत करा आणि सगळी संपल्यावर सभासदामागे एकदाच इन्क्रिमेंट करा. त्याच लेखनात 'जुनं जमा झालं' अशी खूण टाका आणि स्क्रिप्टनं लिहिण्याआधी ती बघावी. नाहीतर मधे थांबलेली स्क्रिप्ट कुणीतरी पुन्हा चालवेल आणि अर्ध्या गावाला दुप्पट फरक मिळेल.

रिकामा कॅन

तो अर्धा कोणता ते आधी कळवा, सभासद होतो.

तिसरी पाळी

सहा महिने म्हणजे १८० दिवस गुणिले ५६०, एक लाखाच्या वर वाचनं. एका दिवसात होणार नाहीत. पाने पाडून वाचा, पण 'ऑफसेट' वापरू नका, त्यात ओलांडलेल्या डॉक्युमेंटचंही वाचन मोजतात. डॉक्युमेंट आयडीनं क्रम लावा, हजार-हजार वाचा, शेवटचा आयडी आणि तोपर्यंतची बेरीज एकाच फाइलीत एकदम लिहून ठेवा, पुढच्या वेळी 'स्टार्ट आफ्टर'नं तिथून पुढे. रोज ३५,००० ला थांबवा, तीन दिवसांत उरकेल आणि रिपोर्टला पंधरा हजार शिल्लक राहतील. जुने आयडी आपोआप आलेले असल्यामुळे या क्रमात तारखा उलटसुलट येतील, बेरजेला त्यानं फरक पडत नाही. फक्त ठरवलेल्या तारखेनंतरची मापं त्यात दिसली तर ती वगळायची. आणि ती तारीख जुन्या वेळेच्या फील्डवरून काढताना त्यात झोन जोडू नका. जुन्या नोंदींत तसे आकडेच भारतीय वेळेचे आहेत.